जास्त काम करणारी थायरॉइड आणि सोनोग्राफीवरचा अर्धा आक्षेप

२०१३ साली अमेरिकेत ‘चूझिंग वाइजली’ या मोहिमेसाठी एंडोक्राइन सोसायटी आणि तिथल्या क्लिनिकल एंडोक्रिनॉलॉजिस्टांची संघटना यांनी मिळून पाच सल्ले दिले. अनावश्यक तपासण्यांना आळा घालावा हा मोहिमेचा हेतू होता आणि तो रास्तच होता. पाचांतला एक सल्ला असा : थायरॉइडच्या रक्ततपासण्या बिघडलेल्या आल्या, पण गळ्याला हात लावून गाठ किंवा सूज लागत नसेल, तर सोनोग्राफी सरसकट करू नये. त्यामागचे कारण असे दिले होते की सोनोग्राफी गाठी पाहण्यासाठी असते, ग्रंथी का बिघडली ते तिच्यातून कळत नाही. थायरॉइड जास्त काम करत असेल आणि कारण शोधायचेच असेल, तर किरणोत्सारी द्रव्य देऊन स्कॅन करावा. थायरॉइड मंदावलेली असते तेव्हा हा सल्ला अगदी बरोबर आहे. टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे हार्मोन) वाढलेले आहे आणि ग्रंथीविरुद्धच्या अँटिबॉडी सापडल्या आहेत, अशा बाईच्या गळ्याची सोनोग्राफी केली म्हणून तिच्या गोळीचा डोस बदलत नाही. पण हाच सल्ला जास्त काम करणाऱ्या थायरॉइडलाही लावला गेला, आणि तिथे तो चुकतो. माझे म्हणणे एवढेच आहे की रक्तात थायरॉइडचे हार्मोन वाढलेले असताना, कारण रुग्णाकडे पाहून स्पष्ट होत नसेल, तर रक्तप्रवाह दाखवणाऱ्या डॉपलरसह केलेली सोनोग्राफी ही चैन नाही. उपचार सुरू करण्यापूर्वीची ती पहिल्या फळीतली तपासणी आहे.

हा वाद तपासण्यांच्या आवडीनिवडीचा नाही, उपचाराचा आहे. टी-३ आणि टी-४ ही थायरॉइडची हार्मोन वाढलेली, टीएसएच जवळजवळ शून्यावर, छातीत धडधड, हाताला कंप, उतरलेले वजन, उकाडा सहन न होणे : हे चित्र निदान दोन अगदी वेगळ्या घटनांतून तयार होते. ग्रेव्ह्ज आजारात शरीराने बनवलेली एक अँटिबॉडी टीएसएचची जागा घेते आणि ग्रंथीला अहोरात्र कामाला लावते. हार्मोन नव्याने, भरमसाट तयार होत असते. थायरॉइडायटिसमध्ये ग्रंथीला दाह होतो, तिच्या पेशी फुटतात आणि आधीच साठवलेले हार्मोन रक्तात सांडते; नवे काहीच तयार होत नसते. पहिल्यात विहिरीवरची मोटर बंद होत नाही, दुसऱ्यात टाकीला चीर पडली आहे. अंगणात पाणी दोन्हीकडे सारखेच दिसते. कार्बिमाझोल हे औषध हार्मोनची निर्मिती थांबवते, म्हणून ग्रेव्ह्जमध्ये ते लागू पडते आणि साधारण बारा ते अठरा महिने द्यावे लागते. थायरॉइडायटिसमध्ये निर्मितीच चालू नसते, त्यामुळे त्याचा काडीचा उपयोग नाही. तिथे धडधडीसाठी प्रोप्रानोलोलसारखे औषध, वेदना असेल तर वेदनाशामक, फारच त्रास असेल तर स्टेरॉइड, आणि काही आठवडे धीर एवढेच लागते. निदान चुकले तर नुकसान खरे असते. कार्बिमाझोल घेणाऱ्या हजारांत दोन ते पाच रुग्णांत रक्तातल्या संरक्षक पांढऱ्या पेशी एकाएकी नाहीशा होतात आणि साधा घसादुखीचा ताप जिवावर बेततो. यकृतालाही इजा होऊ शकते. शिवाय थायरॉइडायटिस आपल्या वाटेने पुढे सरकला की ग्रंथी काही काळ मंदावते, आणि त्याच वेळी पोटात कार्बिमाझोल असेल तर ती मंदी आणखी खोल जाते. या सगळ्यातली मला सर्वांत वाईट वाटणारी गोष्ट ही की अशी चूक उघडकीस येत नाही. आजार आपोआप बरा होतो, श्रेय औषधाला मिळते, आणि ज्या आजाराने ती व्यक्ती कधी ग्रासलीच नव्हती तो ‘आटोक्यात आला’ म्हणून तिच्या फाइलमध्ये कायमचा राहतो.

सोनोग्राफीला हा भेद दिसतो तो ग्रंथीच्या रक्तप्रवाहामुळे. १९८८ साली फिलिप राल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रेव्ह्जच्या रुग्णांच्या गळ्यावर रंगीत डॉपलर लावला, तेव्हा सारी ग्रंथी धडधडत्या लाल-निळ्या ठिपक्यांनी पेटल्यासारखी दिसली. ‘थायरॉइड इन्फर्नो’ हे तिचे नाव तेव्हापासूनचे. हा नुसता देखावा नव्हता, त्यामागे शरीरशास्त्र होते. थायरॉइडचा रक्तप्रवाह रक्तातल्या हार्मोनच्या प्रमाणावर ठरत नाही; ग्रंथीच्या पेशींना मिळणाऱ्या चेतनेवर ठरतो. टीएसएचच्या ग्राहकाला (रिसेप्टरला) चेतना मिळाली की पेशी रक्तवाहिन्या वाढवणारी आणि रुंदावणारी द्रव्ये सोडतात. ग्रेव्ह्जमध्ये अँटिबॉडी त्याच ग्राहकावर बसलेली असते, म्हणून प्रवाह उसळतो. थायरॉइडायटिसमध्ये सांडलेल्या हार्मोनने टीएसएच दाबून टाकलेले असते, अँटिबॉडीची चेतना नसते, आणि पेशी तर जखमी. प्रवाह ओसरतो, कधी कधी पडद्यावर जवळजवळ काहीच उमटत नाही. दोन्ही रुग्णांचे हृदय सारखेच वेगाने धावत असते, बाकीच्या शरीरातला रक्तप्रवाह दोघांचाही वाढलेला असतो, तरीही गळ्यातल्या या एका ग्रंथीत चित्र उलट असते. म्हणून ते विश्वासार्ह आहे. त्यावर आकडाही मिळतो : ग्रंथीला खालून रक्त पुरवणाऱ्या धमनीतला सर्वोच्च वेग. निरोगी माणसात तो साधारण सेकंदाला वीस-तीस सेंटीमीटर असतो, उपचार न घेतलेल्या ग्रेव्ह्जमध्ये बहुधा चाळीसच्या पुढे आणि पुष्कळदा त्याच्याही खूप वर जातो. सब-अ‍ॅक्यूट थायरॉइडायटिसमध्ये, म्हणजे ज्यात ग्रंथी दुखते त्या प्रकारात, तर साधे काळे-पांढरे चित्रच बोलके असते : दुखणाऱ्या जागी अस्पष्ट कडांचे काळसर पट्टे आणि त्यांत प्रवाहाचा अभाव. २०१६ साली अमेरिकन थायरॉइड असोसिएशनने आपल्या मार्गदर्शक सूचनांत कारण शोधण्याचे तीन मार्ग सांगितले, त्यांत अँटिबॉडीची तपासणी आणि किरणोत्सारी आयोडीनचे शोषण यांच्या बरोबरीने सोनोग्राफीवरील रक्तप्रवाहाचे मापनही आहे. २०१८ च्या युरोपीय सूचनाही ग्रेव्ह्जच्या निदानात सोनोग्राफीला आधार मानतात. तीन वर्षांतच अमेरिकेतल्या त्या क्षेत्रातल्या प्रमुख संघटनेने जे ग्राह्य धरले, ते २०१३ च्या एका ओळीच्या जोरावर नाकारत राहणे मला समर्थनीय वाटत नाही.

यावर पहिले उत्तर येते ते स्कॅनचे : अचूक तपासणी हाताशी असताना सावली कशाला पाहायची? स्कॅनचे मोल मी कमी करत नाही. मुंबईत १९६३ साली भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर उभे राहिले, तेव्हापासून या देशाला किरणोत्सारी आयोडीनने थायरॉइड तपासण्याचा आणि बरी करण्याचा मोठा अनुभव आहे. पण स्कॅन कुठे थांबतो हेही पाहायला हवे. गरोदर बाईचा तो करता येत नाही. अंगावर पाजणाऱ्या आईला आयोडीन-१३१ वर्ज्य, आणि टेक्नेशियम दिले तरी काही काळ दूध काढून टाकावे लागते. आता नेमके कोणत्या रुग्णांत हा प्रश्न सर्वांत अवघड असतो ते पाहा. बाळंतपणानंतरच्या वर्षात साधारण वीसांतल्या एका बाईला थायरॉइडायटिस होतो, आणि याच वर्षात ग्रेव्ह्जही उसळी मारतो. धडधड, थकवा, झोप न लागणे, केस गळणे हे सगळे बाळंतिणीच्या अंगाला चिकटलेलेच असते, त्यामुळे लक्षणांवरून भेद करणे आणखी कठीण. जिला भेदाची सर्वाधिक गरज, तिलाच स्कॅन गैरसोयीचा, आणि सोनोग्राफीला मात्र काहीच आडकाठी नाही. दुसरा अडसर आयोडीनचा. कॉन्ट्रास्ट देऊन सीटी स्कॅन झाला असेल तर ग्रंथी आयोडीनने भरलेली असते आणि ग्रेव्ह्ज असूनही शोषण कमी दिसते. हृदयाच्या ठोक्यांसाठी अमिओडॅरोन घेणाऱ्या रुग्णाची अडचण याहून मोठी. या औषधाच्या वजनाचा सदतीस टक्के भाग आयोडीन आहे. दोनशे मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे पंचाहत्तर मिलिग्रॅम. त्याने थायरॉइड दोन तऱ्हांनी भडकते. पहिल्या प्रकारात ग्रंथी जादा आयोडीन वापरून हार्मोन बनवत सुटते, तिला कार्बिमाझोल लागते. दुसऱ्यात औषधाच्या विषारी परिणामाने ग्रंथी फुटते, तिला स्टेरॉइड लागते. शोषण बहुधा दोन्हींत कमीच येते, म्हणून स्कॅन इथे फारसा बोलत नाही. डॉपलर बोलतो : दुसऱ्या प्रकारात वाढलेला प्रवाह दिसतच नाही. आधीच कमकुवत हृदय असलेल्या माणसाला आठवडाभर चुकीचे औषध देण्याची किंमत काय असते, हे सांगायला नको. आणि अंतराचा प्रश्न आहेच. न्यूक्लिअर मेडिसिनचे विभाग मोठ्या शहरांत एकवटले आहेत. नंदुरबार किंवा गडचिरोलीच्या रुग्णाला स्कॅनसाठी प्रवास, मुक्काम आणि बुडालेली मजुरी मोजावी लागते. सोनोग्राफीचे यंत्र मात्र बहुतेक तालुक्याच्या गावी असते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. टीएसएच ग्राहकाविरुद्धच्या अँटिबॉडीची रक्ततपासणी आता इतकी सुधारली आहे की ग्रेव्ह्ज ओळखण्यात ती शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक वेळा बरोबर ठरते. मग गळ्यावर जेल लावून प्रोब फिरवायचा कशाला? ही तपासणी उपलब्ध असेल तर ती जरूर करावी, आणि ती स्पष्ट आली तर बहुतेकदा पुढे जाण्याचे कारण उरत नाही, हे मी मान्य करतो. पण तिचा अहवाल यायला लहान गावांत काही दिवस लागतात, कारण नमुना शहरातल्या प्रयोगशाळेत जातो. ती स्वस्तही नाही. शिवाय रक्ततपासणीला एक असा सापळा आहे ज्यात सोनोग्राफी अडकत नाही. केस आणि नखे मजबूत व्हावीत म्हणून सर्रास विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत बायोटिनचे मोठे डोस असतात. अनेक प्रयोगशाळांच्या यंत्रांत तपासणीची रासायनिक रचनाच बायोटिनच्या पकडीवर आधारलेली असते; रक्तात बायोटिन जास्त असले की टीएसएच खोटे कमी दिसते, टी-३ आणि टी-४ खोटे जास्त दिसतात, आणि ही ग्रेव्ह्जची अँटिबॉडीसुद्धा खोटी वाढलेली दिसते. म्हणजे कागदावर ग्रेव्ह्जचे निर्दोष चित्र आणि रुग्ण ठणठणीत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ साली या धोक्याची जाहीर सूचना दिली होती. अशा वेळी गळ्यात नेहमीच्या आकाराची, नेहमीच्या पोताची, शांत प्रवाहाची ग्रंथी दिसली, तर डॉक्टर थबकतो आणि रुग्णाला विचारतो, केसांसाठी काही घेता का? सगळे पुरावे एकाच परीक्षानळीतून येत असतील तर ते एकमेकांची साक्ष काढत नाहीत, एकच चूक पुन्हा सांगतात. वेगळ्या वाटेने आलेला एक पुरावा हवा.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, आणि २०१३ च्या सल्ल्यामागचे खरे बळही तोच आहे. गळ्यावर प्रोब ठेवला की गाठी सापडतात, आणि हाताला न लागणाऱ्या या बारीक गाठी मध्यम वयाच्या बायकांत तर इतक्या सर्रास असतात की त्यांचे सापडणे हीच सामान्य गोष्ट म्हणावी. एक गाठ सापडली की सुई, सुईचा संदिग्ध अहवाल, मग शस्त्रक्रिया, आणि जन्मभराची गोळी. ही भीती कल्पनेतली नाही. दक्षिण कोरियात १९९९ नंतर राष्ट्रीय कर्करोग चाचणी कार्यक्रम आला, त्याला जोडून थायरॉइडची सोनोग्राफी स्वस्तात उपलब्ध झाली. २०११ साली तिथले थायरॉइड कर्करोगाचे निदान १९९३ च्या पंधरा पट झाले, आणि मृत्यूंचे प्रमाण मात्र जागच्या जागी राहिले. हजारो लोकांच्या ग्रंथी अशा कर्करोगासाठी काढल्या गेल्या जो त्यांना कधीच त्रास देणार नव्हता. हे वाचून जो डॉक्टर सोनोग्राफीच्या नावाने सावध होतो, त्याच्या सावधपणाचा मला आदर आहे. तरीही कोरियाचा धडा इथे लागू करताना एक फरक झाकला जातो. तिथे निरोगी माणसांना तपासले गेले, कोणताही प्रश्न मनात नसताना. इथे माणूस आजारी आहे, त्याच्या रक्तात हार्मोन दुप्पट-तिप्पट आहे, आणि विचारायचा प्रश्न नेमका आहे : ग्रंथी हार्मोन बनवते आहे की सांडते आहे? त्याचे उत्तर गाठीत नाही, प्रवाहात आणि पोतात आहे. उत्तर शोधताना वाटेत एक सेंटीमीटरपेक्षा लहान, शंकास्पद खुणा नसलेली गाठ दिसली, तर तिला सुई टोचायची नाही हे आता कर्करोगतज्ज्ञांचेही मत आहे. गाठींना धोक्यानुसार पायऱ्या देणाऱ्या टायरॅड्स पद्धतीत अशा गाठी सोडून देण्याची व्यवस्थाच आहे. दोष पाहण्यात नव्हता, पाहिल्यावर हात आवरता न येण्यात होता. हात आवरायला शिकवणे कठीण आहे हे खरे, पण त्यासाठी बाळंतिणीला चुकीचे औषध देऊन चालणार नाही. शिवाय ग्रेव्ह्जच्या रुग्णाला उद्या किरणोत्सारी आयोडीन द्यायचे किंवा शस्त्रक्रिया करायची ठरली, तर एखादी खरोखर शंकास्पद मोठी गाठ आधी माहीत असणे उपयोगाचेच.

मग म्हणतात, डॉपलर ज्याच्या हातात त्याच्यावर अवलंबून असतो. हो, असतो, आणि हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. प्रोब जोरात दाबला तर वरच्या बारीक वाहिन्या बंद पडतात आणि ग्रेव्ह्जची ग्रंथी शांत दिसू शकते. रंगाची संवेदनशीलता वाढवून ठेवली तर शांत ग्रंथीही पेटलेली दिसते. धमनीचा वेग मोजताना किरण आणि प्रवाह यांतला कोन साठ अंशांच्या आत ठेवावा लागतो. साठ अंशांवर कोन मोजण्यात पाच अंश चूक झाली तर वेगाच्या आकड्यात पंधरा टक्क्यांच्या आसपास फरक पडतो, पंचाहत्तर अंशांवर तीच चूक तो फरक जवळपास दुप्पट किंवा त्याहूनही जास्त करते. पण हे सगळे सुधारता येण्याजोगे दोष आहेत, आणि कसे सुधारायचे ते माहीत आहे : हलका हात, हळू प्रवाह दिसेल अशी ठरलेली मांडणी, कोनाची शिस्त, आणि प्रत्येक केंद्राने आपल्या यंत्रावर निरोगी लोकांचे आकडे घेऊन आपली मर्यादा ठरवणे. हाताच्या कौशल्यावर अवलंबून असते म्हणून आपण हृदयाची इकोकार्डिओग्राफी टाकून दिली नाही, ती शिकवली. आकड्यांचा खराखुरा गोंधळ मधल्या पट्ट्यात असतो. सौम्य ग्रेव्ह्ज, आधीच कार्बिमाझोल सुरू झालेला रुग्ण, किंवा बरा होत असलेला थायरॉइडायटिस, ज्यात टीएसएच परत वाढू लागल्याने प्रवाहही वाढतो : यांत डॉपलर एकटा निर्णय देऊ शकत नाही. म्हणूनच तो उपचारापूर्वी आणि लवकर करायचा. दोन महिने औषध देऊन मग केलेल्या डॉपलरला नावे ठेवणे अन्यायाचे आहे.

एका जागी मात्र माझी बाजू थांबते. ग्रंथीत गाठी असतील आणि त्यांतलीच एखादी स्वतःच्या मर्जीने हार्मोन बनवत असेल, तर कोणती गाठ दोषी हे सोनोग्राफी खात्रीने सांगू शकत नाही. गाठीभोवती वाढलेला प्रवाह फक्त सूचक असतो. तिथे स्कॅनच हवा. टीएसएच दाबलेले आणि गळ्यात गाठ, असे असेल तर आधी स्कॅन करावा, आणि गाठ हार्मोन बनवणारी निघाली तर सहसा सुईही लागत नाही, कारण अशा गाठीत कर्करोग क्वचितच असतो. २०१३ चा सल्ला इथे बरोबर होता; त्याने गाठींच्या आजारातला नियम सगळ्या आजारांवर पसरवला ही त्याची चूक.

महाराष्ट्रात हा प्रश्न आणखी एका कारणाने वेगळा आहे, आणि त्याकडे परदेशी सूचना वाचणाऱ्यांचे लक्ष सहसा जात नाही. युरोप-अमेरिकेत थायरॉइडचा तज्ज्ञ पुष्कळदा स्वतःच, रुग्ण समोर असताना गळ्यावर प्रोब फिरवतो. नाडी, कंप, डोळे आणि डॉपलर एकाच माणसाच्या नजरेखाली येतात. आपल्याकडे १९८८ साली महाराष्ट्राने देशात पहिल्यांदा गर्भलिंग निदानाविरुद्ध कायदा केला, १९९४ साली केंद्राचा कायदा आला, आणि त्यानंतर गर्भाचे लिंग ओळखण्यास उपयोगी पडू शकेल असे कोणतेही सोनोग्राफी यंत्र नोंदणीशिवाय ठेवता येत नाही. मुलींचे जीव वाचवण्यासाठी आलेला हा कायदा सैल व्हावा असे मी मुळीच म्हणत नाही. पण त्यामुळे एंडोक्रिनॉलॉजिस्टच्या खोलीत यंत्र क्वचितच असते, आणि सोनोग्राफी दुसऱ्या इमारतीत, दुसऱ्या डॉक्टरकडे, एका चिठ्ठीवर होते. त्या चिठ्ठीवर ‘यूएसजी नेक’ एवढेच लिहिलेले असते. रेडिऑलॉजिस्टला रुग्णाचे टीएसएच माहीत नसते. तो इमानेइतबारे ग्रंथीची लांबी-रुंदी आणि गाठींची मोजमापे लिहून देतो, प्रवाहाबद्दल एक शब्द नसतो किंवा ‘व्हॅस्क्युलॅरिटी वाढलेली’ एवढाच शेरा असतो, जो हाशिमोतो या अँटिबॉडींच्या आजाराने मंदावलेल्या ग्रंथीलाही लागू पडतो. असा अहवाल हातात आल्यावर डॉक्टर म्हणतो, सोनोग्राफीतून काही कळत नाही. कळणार कसे? विचारलेच नव्हते. चिठ्ठीवर टीएसएच, टी-४, लक्षणे किती दिवसांची, गळा दुखतो का, बाळंतपण कधी झाले, अमिओडॅरोन किंवा कार्बिमाझोल चालू आहे का हे लिहावे, आणि शेवटी प्रश्न लिहावा : ग्रेव्ह्ज की थायरॉइडायटिस? रेडिऑलॉजिस्टने दोन्ही बाजूंच्या खालच्या धमन्यांचा वेग, मोजताना ठेवलेला कोन, ग्रंथीचा पोत आणि प्रवाह सर्वत्र सारखा की ठिकठिकाणी, एवढे परत लिहावे. यासाठी नवे यंत्र लागत नाही, नवा कायदा लागत नाही. कार्बिमाझोलची पहिली गोळी लिहिण्याआधी चिठ्ठीवर चार ओळी जास्त लागतात.